टाकाऊतून टिकाऊ : शंभर पिशव्यांची एक पिशवी

प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात एक पिशवी असते आणि तिच्यात कोंबलेल्या आणखी पन्नास! टाकवत नाहीत आणि संपतही नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशातल्या बायकांनी अशाच पिशव्यांचं काय केलं, ते आज पाहू या.

कोलंबियाच्या उत्तर-पश्चिमेच्या रानात 'तिती' नावाचं चिमुकलं माकड राहतं. वजन जेमतेम अर्धा किलो आणि डोक्यावर पिंजलेल्या कापसासारखा पांढराशुभ्र तुरा. जगात इतर कुठल्याही रानात ते आढळत नाही. १९७० च्या दशकात व्यापारावर बंदी येण्यापूर्वी २० ते ३० हजार तिती प्रयोगशाळांसाठी परदेशी गेले. उरलेल्यांचं रान तुटत गेलं. पाळण्यासाठी म्हणून पकडून विकणं चालूच राहिलं.

शास्त्रज्ञ ॲन सॅव्हेज यांनी १९८० च्या दशकात 'प्रोयेक्तो तिती' हे काम सुरू केलं. पण चुलीला लाकूड आणि घराला पैसा हवा असताना नुसतं 'रान तोडू नका' म्हणून कसं भागणार? लोस लिमितेस गावच्या बायकांना 'मोचिला' ही खांद्यावरची पिशवी विणणं ठाऊक होतं. दोऱ्याऐवजी त्यांनी गावभर उडणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या. एका मोचिलाला शंभराच्या वर पिशव्या लागतात. गाव स्वच्छ झालं, हाती पैसा आला आणि रान राखण्यात बायकांचाही वाटा आला.

आता कृती.

पिशव्या साबणाने धुऊन सावलीत वाळवा. बंद आणि तळाची शिवण कापून टाका. उरलेल्या नळीची घडी घालून आडव्या, दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी म्हणजे एक कडं. रबरबँड एकमेकांत अडकवतो तशी कडी जोडून गुंडा करा. गाठ मारू नका.

जाड क्रोशाची सुई घ्या. सहा साखळ्यांचं कडं करून त्यात बारा मुके खांब घाला. पुढे प्रत्येक फेरीत सारख्या अंतरावर सहा टाके वाढवा. ताटलीएवढा तळ झाला की वाढवणं थांबवून सरळ वर विणत जा. पट्टा आठ टाक्यांचा, घट्ट विणा. प्लॅस्टिक ताणतं, म्हणून तो थोडा आखूडच ठेवा.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा विणण्यासाठी नव्या आणू नका. साठलेल्याच संपवा. कातरणही उकिरड्यावर टाकू नका, ते गाईच्या पोटात जातं. उशीत भरा.

महिला मंडळाने अशा पिशव्या विकून पैसे जखमी पक्षी-प्राण्यांच्या उपचारांसाठी द्यायचे ठरवलं, तर एक लक्षात ठेवा : दयेपोटी घेतलेली वस्तू एकदाच खपते, सुबक आणि टिकाऊ वस्तूला गिऱ्हाईक पुन्हा येतं. तेव्हा टाका घट्ट हवा!