गाडी खाली आली, नळीचे काय?

डिसेंबरातली गोष्ट. रात्री पावणेअकराच्या सुमारास आमच्या गल्लीत गाडीचा आवाज आला. आवाज असा की कुत्री उठली, समोरच्या घरात दिवा लागला आणि एका म्हाताऱ्याने आतूनच शिवी हासडली. वाळूजच्या कंपनीत कामाला असलेला माझा भाचा आला होता. "जयभीम मामा," म्हणत उतरला खरा, पण तोंड सुकलेले. मागच्या सीटवर माझी बहीण डोके दाबून बसलेली आणि तिच्या मांडीवर सहा वर्षांची नात, अंग टाकून दिल्यासारखी.

"गेवराईला चहाला थांबलो तर ही उठंना मामा. दारं उघडली, गार वारा लागला, तवा कुठं डोळे उघडले. मग भडाभडा वकली. आईचं बी डोकं ठणकू लागलं."

बहीण म्हणाली, "मला गाडी लागते रे. एवढं काय त्यात?"

मी ऐकून घेतले, पण मनात काही बसेना. ही बाई ऐन उमेदीत ऊसतोडीला ट्रकमध्ये, संसाराच्या बोचक्यावर बसून, पार सांगली-कोल्हापूरकडे गेलेली. तिला कधी उलटी झाल्याचे आमच्या घरात कोणाला आठवत नाही. तिला दीड-दोनशे किलोमीटरची मोटार लागावी? आणि त्याच वेळी नातीलाही?

गाडीची हकीकत अशी. छोटी पेट्रोल गाडी, सेकंडहँड, कर्ज काढून घेतलेली. घेतल्यावर भाच्याने दोन कामे केली. स्प्रिंगा कापून गाडी दोन इंच खाली बसवली आणि एका शहरातल्या वेल्डरकडून जुना सायलेन्सर काढून नवी नळी टाकून घेतली. दोन्ही मिळून साडेनऊ हजार गेले. मी बी. कॉम. झालेला कारकून, इंजिनातले मला काय कळणार! पण दुसऱ्या दिवशी आमच्या वडवणीतल्या ज्या मिस्त्रीने गाडी वर घेतली, त्याने मला खाली वाकवून एकेक गोष्ट दाखवली. ती इथे सांगतो, कारण हल्ली आपल्या घराघरातली पोरे हे करून घेतात आणि त्या गाडीत आपण सगळे बसतो.

पहिली गोष्ट भूमितीची आहे. अशा छोट्या गाडीला मागच्या दोन चाकांना जोडणारा एक लोखंडी आडवा दांडा असतो. कंपनी सायलेन्सरची नळी त्या दांड्याच्या वरून, दांडा आणि गाडीचा तळ यांच्या फटीतून, मागे नेते. आता स्प्रिंग कापली की गाडीचा सांगाडा खाली येतो, पण चाक आणि दांडा जागच्या जागीच राहतात. म्हणजे फट तेवढीच कमी झाली. चार माणसे बसली, चाक खड्ड्यातून उसळले, की दांडा वर येतो आणि नळी दांडा व तळ यांच्यात चेपते. मग खटखट आवाज. गिऱ्हाईक तक्रार करते. वेल्डर काय करतो? नळी दांड्याखालून काढतो. खटखट बंद, पण आता सगळ्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळ काय, तर तीच नळी.

मिस्त्री म्हणाला, "भाऊ, खाली गाडी करायची तर नळीचा रस्ता आधी ठरवावा, स्प्रिंग मग कापावी. हे पोरं उलटं करतेत."

दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि हिशेब माझा विषय. अशा गाडीचा तळ जमिनीपासून साधारण १७० मिलिमीटर वर असतो. ५० स्प्रिंगेत गेले, उरले १२०. माणसे बसल्यावर आणखी तीसेक जातात. उरले ९०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधकाची उंची १०० मिलिमीटर असते. मग प्रत्येक गतिरोधकावर गाडी अडायला हवी, तशी ती अडत नाही. कारण नियमातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद, पसरट असतो. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर साधारण २.४ मीटर. म्हणजे पोट माथ्यावर असते तेव्हा चारही चाके चढावरच असतात आणि माथा पोटाच्या बाजूला जेमतेम चार सेंटिमीटर वर येतो. मात्र आपल्याकडे रात्रीतून कोणीतरी सिमेंटचा नाहीतर मुरुमाचा वीतभर उंच, हातभर रुंद उंचवटा करून ठेवतो. तो दोन चाकांच्या मधोमध येतो आणि त्याची सगळीच्या सगळी उंची नळीला भेटते. बीडहून वडवणीला येताना असे किती आहेत, ते परळीच्या रस्त्याने जाणाऱ्याला विचारावे.

तरीही खाली बसवलेल्या गाडीला नळी नीट नेता येत नाही असे नाही. जाणते कारागीर जिथे जागा कमी तिथे चपटी नळी घालतात. मी कागदावर मांडून पाहिले. ५० मिलिमीटरची गोल नळी चेपून ३५ उंचीची केली तर पोकळी शेकडा नऊच्या आसपास कमी होते, पण उंचीत १५ मिलिमीटरची बचत होते. सौदा वाईट नाही. मात्र ती साच्यात चपटी केलेली हवी. हातोड्याने ठोकलेली आणि वळणावर चुरगळलेली नळी धुराला अडवते, इंजिन गुदमरते आणि पेट्रोल जास्त खाते. वळण असे द्यायचे की नळी वाकताना आतली गोलाई मोडू नये. मोठा डबा मध्ये न ठेवता पार मागे, दांड्याच्या पलीकडे ठेवायचा. आणि दांडा वर उसळला तरी नळीला लागू नये इतकी जागा, गाडी भरलेली असताना मोजून, सोडायची. रिकामी गाडी मोजून उपयोग नाही. आपली गाडी रिकामी कधी असते?

आता धुराकडे येतो.

भाच्याच्या वेल्डरने दांड्याखालून काढलेली नळी दोनदा घासून फाटली, म्हणून शेवटी त्याने सोपा मार्ग काढला. नळी मागे न्यायचीच नाही. मागच्या डाव्या चाकाच्या पुढे, दाराखालीच, संपवून टाकली. दिसायला झोकदार. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला ११२ वा नियम सांगतो की धूर खालच्या दिशेला किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडे सोडायचा. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, माणसे डावीकडे चढतात-उतरतात, रस्त्याकडेला उभी राहतात. कोणत्या माणसाच्या नाकात धूर जाईल, याचा विचार करूनच तो नियम झाला असणार. त्याच नियमावलीत ११३ वा नियम आहे, की नळी पेट्रोलच्या पाइपापासून ३५ मिलिमीटरच्या आत येऊ नये. भाच्याच्या गाडीत मिस्त्रीने बोट घालून पाहिले, तर जेमतेम बोटभर जागा. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी, सीटवर नात. उष्णता अडवणारा जो पत्रा कंपनीने लावला होता, तो "खडखडतो" म्हणून काढून टाकलेला.

त्यात भर म्हणजे, कंपनीची नळी रबरी कड्यांत टांगलेली असते. वेल्डरने ती लोखंडी पट्टीने तळाला पक्की जोडली होती. "हालायची नाही" असे त्याने अभिमानाने सांगितले म्हणे. पण लोखंड तापले की वाढते. तीन मीटर नळी तीनशे अंशांनी तापली तर एक सेंटिमीटरच्या आसपास लांब होते. शिवाय इंजिन आपल्या रबरांवर मागे-पुढे डुलते, म्हणून कंपनी पुढे जाळीदार लवचीक तुकडा टाकते, तोही इथे गायब. वाढायला जागा नाही, डुलायला जागा नाही, मग नळी कुठेतरी तडकणारच. ती तडकली होती पुढच्या सांध्याला, बरोबर पायाखाली. तळाला वायर जाण्यासाठी भोके असतात, त्यांची रबरे उन्हाने वाळून पडलेली. थंडी म्हणून काचा वर. खालून धूर, बाजूने धूर, आणि आत तीन माणसे.

या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने त्याला धरते आणि मग प्राणवायूला जागाच उरत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते. गाडी लागली, दमली, झोपली, असे आपण म्हणतो. मिस्त्रीने एवढेच सांगितले, "ताई गाडीनं नाही, धुरानं आजारी पडल्या." आमची चूक ही झाली, की त्या रात्री लिंबू चाटवून दोघींना झोपवले. खरे तर तडक दवाखाना गाठून "गाडीतला धूर लागला आहे" असे डॉक्टरांना सांगायला हवे होते, म्हणजे ते प्राणवायू लावतात. तुमच्यावर अशी वेळ आली तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि दवाखान्यात जा. सकाळपर्यंत वाट पाहू नका.

आणखी एक सांगायचे राहिले. जुन्या नळीत एक डबा होता, त्याला कॅटलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्यातल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो आणि ती विषारी वायू बऱ्याच अंशी निकामी करते. आपल्या देशात १९९५ साली चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांपासून ही सक्ती सुरू झाली. भाच्याला वेल्डरने सांगितले, "हा डबा चोंदलाय, टाकून देतो." टाकून दिला म्हणजे भंगारवाल्याला विकला. त्याला बरा पैसा येतो. पोराने साडेनऊ हजार दिले आणि वरून डबाही दिला.

मी भाच्याला बोललो, जरा जास्तच बोललो. तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "मामा, आपल्या पोरांनी हौस करूच नाही का?"

हा प्रश्न मला लागला. आमच्या बापाने सायकल घेतली तेव्हा गावात चर्चा झाली होती. पोराने स्वतःच्या पगारावर मोटार घेतली, ती चारचौघांत उठून दिसावी असे वाटले, यात लाज वाटण्यासारखे काय आहे? अमेरिकेत कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या कामगार पोरांनी हेच केले. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या गाड्या घेऊन त्या जमिनीला टेकवल्या आणि मिरवत, सावकाश चालवल्या. मग १९५८ पासून तिथे कायदा लागू झाला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कडीपेक्षा खाली असता कामा नये. नळीसुद्धा त्यात आलीच. त्यावर सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगीर याने १९५९ च्या सुमारास आपल्या गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबले की गाडी वर, थांबल्यावर पुन्हा खाली. पुढे १ जानेवारी २०२४ पासून तिथली ती बंदीही उठली. पण लक्षात घ्या, त्या पोरांनी चालताना गाडी वर उचलण्याची सोय केली. आपल्याकडे कापलेली स्प्रिंग पुन्हा लांब होत नाही. उलट ती कडक होते आणि चाक लोंबले की बैठकीतून निसटू शकते.

आपल्याकडचा कायदाही माहीत असावा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ खाली मूळ गाडीत मनाला येईल तो फेरफार करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्या तर कलम १९० वेगळे. पुणे, नागपूरकडे पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातल्याची छायाचित्रे आपण पाहिलीच आहेत. ते बहुतेक बुलेटचे असतात, पण कलम मोटारीलाही तेच. आणि अपघात झाला, विमा कंपनीला फेरफार कळवलेला नसला, तर दावा अडू शकतो. कर्जाचा हप्ता मात्र अडत नाही.

मग केले काय? कंपनीच्या मापाच्या चार स्प्रिंगा, कन्व्हर्टर आणि सायलेन्सर, सगळे पुन्हा बसवायचे ठरले. कन्व्हर्टरचा आकडा ऐकून भाचा ओट्यावर बसलाच. पैसे मी थोडे दिले, बहिणीने भिशीतले काढले. काम करताना मिस्त्रीने गाडी जॅकवर सोडली नाही, चारी बाजूंनी घोड्या लावल्या, मगच खाली गेला. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नये, हे पोरांना सांगून ठेवा. जोडणी झाल्यावर इंजिन थंड असतानाच चालू केले, शेपटाला फडके दाबून क्षणभर धरले आणि प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावले. एका ठिकाणी बुडबुडे आले. ते पुन्हा वेल्ड केले. तळाची रबरे नवी घातली. ही तपासणी कोणत्याही मिस्त्रीकडून तुम्हाला करून घेता येईल, त्याला फार तर पंधरा मिनिटे लागतात.

हौसेपोटी भाच्याने नळीच्या टोकाला चकचकीत तोटी तेवढी लावून घेतली. बंपरच्या जरा बाहेर येते, धूर मागेच जातो. मिस्त्री म्हणाला, "असू द्या, तिचा काही त्रास नाही."

जानेवारीत दोघी वाळूजला परत गेल्या. काचा वर होत्या. बहिणीने नेहमीप्रमाणे पिशवीत लिंबू आणि रिकामी प्लास्टिकची थैली घेतली होती. पोचल्यावर तिचा फोन आला. लिंबू रात्रीच्या वरणात पिळले म्हणाली.