गोळी लागू पडली नाही, म्हणून आजारच खोटा?

करी रोडच्या आमच्या चाळीत एडीएचडीची दोन मुलं. दोघांना मिथाइलफेनिडेट सुरू झालं. एक गृहपाठाला बसू लागलं. दुसऱ्याची भूक गेली, झोप उडाली, चंचलपणा तसाच. लगेच निकाल: "आजारबिजार काही नाही, अम्मीने लाडावलंय. ताविज बांधा."

दुआ आम्हीही करतो. पण हा निकाल कशाच्या जोरावर? १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी बेन्झेड्रिन दिलं, तेव्हाही ३० पैकी १४ मुलांचाच अभ्यास ठळक सुधारला. मिथाइलफेनिडेट यकृतातलं एक एन्झाइम मोडतं, आणि त्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा. नुसत्या वजनावरून डोस ठरत नाही. थोडा थोडा वाढवून बघावा लागतो. नाहीच जमलं तर अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे.

केईएम, वाडिया दोन्ही परळला, हाकेच्या अंतरावर. त्या आईसोबत तिथवर जायला एकही शेजारी उठला नाही. सल्ला द्यायला मात्र अख्खा मजला.