मैत्रीचे मोजमाप

राष्ट्रांच्या मैत्रीचे बळ कशाने मोजावे? स्वीडनच्या प्रवेशाने २०२४ साली नाटोचे सदस्य ३२ झाले. २०३५ पर्यंत सकल उत्पादनाचे ५ टक्के संरक्षणासाठी खर्चण्याचे २०२५ च्या हेग परिषदेत ठरले. हे आकडे सोपे. मात्र शस्त्रांच्या समतोलावर नव्हे, परस्पर विश्वासावर शांती उभी राहते, असे संत पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात सांगितले होते. एकावरील हल्ला तो सर्वांवरील, हे नाटोचे पाचवे कलम आजवर एकदाच, २००१ साली, अमेरिकेसाठी वापरले गेले. पुढे अफगाणिस्तानात चिमुकल्या डेन्मार्कने चाळीसहून अधिक सैनिक गमावले. लोकसंख्येच्या मानाने ही हानी फार मोठी. त्याच डेन्मार्कच्या ग्रीनलंडसाठी लष्करी बळाचा पर्याय २०२५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी खुला ठेवला.