इंधन कार्ड निवडताना

मालवाहतुकीच्या व्यवसायात डिझेल हा सर्वांत मोठा खर्च. चालकाजवळ रोकड देण्याऐवजी इंधन कार्ड दिले, की वाटेतील जोखीम घटते आणि प्रत्येक खरेदीची नोंद राहते. इंडियन ऑइलचे ‘एक्स्ट्रापॉवर’, भारत पेट्रोलियमचे ‘स्मार्टफ्लीट’ व हिंदुस्तान पेट्रोलियमचे ‘ड्राइव्हट्रॅक प्लस’ ही आपल्याकडील प्रचलित कार्डे. त्यांचा उपयोग मुख्यतः त्या त्या कंपनीच्या पंपांवर होतो. म्हणून बक्षीस-गुणांकडे पाहण्याआधी आपल्या नेहमीच्या मार्गावर रात्री-अपरात्री कोणता पंप सोयीचा पडतो, हे चालकांनाच विचारावे. गुणांसाठी १० किलोमीटरची वाकडी वाट केली, तर मिळालेला लाभ त्या फेऱ्यातच जळून जातो.

उधारीचे कार्ड घेताना मुदत व व्याज नीट वाचावे. भाड्याची रक्कम पुष्कळदा महिना-दोन महिन्यांनी हाती येते. डिझेलची उधारी तितकी थांबत नाही.

प्रत्येक गाडीस स्वतंत्र कार्ड द्यावे व त्यावर दैनंदिन मर्यादा घालावी. दर आठवड्यास भरलेले लिटर व धावलेले किलोमीटर ताडून पाहावेत. हिशेब चोख असला, की प्रामाणिक चालकावर विनाकारण संशय घेण्याची वेळ येत नाही.