म्हसवडला मुक्काम

शुक्रवारी संध्याकाळी लोअर परळमधल्या कुठल्याही ऑफिसच्या लिफ्टमध्ये जरा कान देऊन उभे राहा. एकच प्रश्न ऐकू येईल, ‘मग, वीकेण्डला कुठे?’ उत्तरंही ठरलेली. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर, आणि सोमवारची सुट्टी जोडून आली असेल तर गोवा. गाडी काढायची, एक्स्प्रेस-वेला लागायचं आणि मधला सगळा प्रवास ‘किती तासांत पोचलात?’ एवढ्या आकड्यात गुंडाळून टाकायचा. वाटेत काय होतं? फूड मॉल होता की!

माझा आजचा फंडा एकदम साधा आहे. लाँग ड्राइव्हला निघालात की एक रात्र मधल्या गावासाठी ठेवा. ‘तिथे बघण्यासारखं काही नाही’ असं ज्याच्याबद्दल सगळे सांगतात, त्याच गावासाठी. आमच्या चौघांच्या नशिबात ते गाव आलं म्हसवड. निघालो होतो विजापूरचा गोलघुमट बघायला, पण अंधार पडला की अनोळखी रस्त्यावर गाडी हाकायची नाही, हा आमच्या ग्रुपचा नियम.

दादरपासून म्हसवड साधारण साडेतीनशे किलोमीटर. सातारा सोडून कोरेगाव, पुसेगाव करत पूर्वेला निघालात की तासाभरात खिडकीबाहेरचा सीन बदलतो. ऊस मागे पडतो. बोडके माळ, बाभळी, मेंढरांचे कळप आणि डोक्यावर नको इतकं मोठं आभाळ. गंमत म्हणजे जिल्हा सातारचाच. त्याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि इथे जेमतेम पाचशेच्या आसपास. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, इकडे पोचतो तो नुसता वारा. माणगंगा नदीच्या काठचा हा मुलूख, म्हणून माणदेश. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ आठवतेय? तोच.

गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांतल्या आज्यांना याच रस्त्यावरचं गोंदवलं पक्कं ठाऊक असतं. महाराजांचं दर्शन, प्रसाद, की गाडी परत मुंबईकडे. त्याच्या पुढे वीसेक किलोमीटरवर म्हसवड. तिथून पुढे जाणारे बहुतेक पंढरपूरच्या घाईत असतात. एसटी स्टॅण्ड, पेठ, सिद्धनाथाचं जुनं देऊळ, गावाबाहेर ब्रिटिशांच्या काळातला राजेवाडीचा तलाव. बघायचं म्हटलं तर एवढंच. लॉजवाल्याने चावी देतानाच सांगितलं, “गरम पाणी सकाळी सहाला. माणशी एक बादली.” आमच्यातल्या एकीने शॉवरचं विचारलं, तेव्हा तो इतका मनापासून हसला की आम्हीही हसलो.

खरी मजा आली खानावळीत. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा खर्डा. शेजारच्या टेबलावर सत्तरीकडे झुकलेले एक काका जेवत होते.

“पाव्हणं, मुंबईचं का?”

“हो काका.”

“मुंबईत कुठं?”

“ऑफिस लोअर परळला.”

“मग आमच्याच गावचं की!”

काका विशीत असताना परळच्या एका गिरणीत साळखात्यात बदली म्हणून लागले होते. डिलाइल रोडला एका खोलीत वीसजण. तीन पाळ्या, त्यामुळे झोपायच्याही तीन पाळ्या. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. साठेक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. दोन-चार महिने गावाकडे काढू, मिटलं की परत येऊ, म्हणून काकांनी ट्रंक उचलली आणि म्हसवडची एसटी धरली. ती ट्रंक काही परत गेली नाही.

मग काकांनी आमची परीक्षाच घेतली. करी रोडच्या पुलापाशी अमुक खानावळ होती, ती आहे का? माहीत नाही. तमुक चाळ? टॉवर झाला बहुतेक. गिरणीचा भोंगा आता होत नसेल ना? नाही होत. “मग कामाला जायचा येळ कसा कळतो?” आम्ही चौघांनी एकदम मोबाइल दाखवले. मी सहा वर्षं त्याच रस्त्याने स्टेशन ते ऑफिस चालतोय. पण लाल बत्तीचा चौक, डावीकडचा उतार, पावसात पाणी तुंबतं ती कोपऱ्यावरची जागा हे सगळं मला काकांकडून नव्याने कळत होतं. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी सोडलेलं शहर त्यांना पाठ होतं.

“तुमचं हापिस कितव्या मजल्यावर?” त्यांनी विचारलं.

“अकराव्या.”

“आमचं खातं तळाला व्हतं.” आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “कामगारांच्या घराचा फॉर्म भरलाय. लॉटरीत नाव लागलं तर येतो. तवा दावा तुमचं हापिस.”

यावर काय बोलणार? ‘या ना काका, नक्की या’ म्हणालो. बॉस, आपल्या इएमआयच्या आणि पार्किंगच्या तक्रारी अशा वेळी तोंडातच राहतात. आपण ज्या जागेवर कार्ड स्वाइप करून आत शिरतो, त्या जागेशी हिशेब बाकी असलेला माणूस साडेतीनशे किलोमीटरवर शांतपणे माडगं भुरकत बसलेला असतो, आणि तो रागावलेलाही नसतो. रात्री लॉजच्या गच्चीवर बराच वेळ कुणी जोक मारला नाही.

मुंबईहून म्हसवडला येऊन राहिलेलंही कुणीतरी आहे, हे सकाळी पेठेत कळतं. चेतना गाला सिन्हा मुंबईच्या. जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत पडल्या आणि लग्न करून म्हसवडला राहायला आल्या. गावातल्या कष्टकरी बायकांना बँका दारात उभं करत नव्हत्या, म्हणून त्यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला, कारण सभासद बायका निरक्षर. बायकांनी अक्षरं गिरवली, पुन्हा मुंबई गाठली आणि साहेबांना सांगितलं की तुम्ही रक्कम सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, बघू कोण आधी सांगतं! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. २०१८ मध्ये दावोसच्या जागतिक परिषदेच्या सहअध्यक्षांत चेतनाताईंचं नाव होतं. आपण एमबीएला केस स्टडी म्हणून वाचतो ती गोष्ट इथे पेठेत, भाजीवालीच्या पासबुकात सापडते.

तासाभराच्या अंतरावर आटपाडी. तिथे आणखी एक मुंबई भेटते. पूर्वी हा भाग औंध संस्थानात होता आणि संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत वसवली. भिंती नाहीत, कैदी शेती करतात. त्या प्रयोगावरून १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ केला. कथा गदिमांची, तेही याच मुलखातले. आणि शांतारामबापूंचा राजकमल स्टुडिओ कुठे? आपल्या परळला! सोनं-चांदी गाळणारे गलाईवालेही याच आटपाडी-खानापूर भागातले. पाऊस नाही म्हणून घर सोडलं आणि झवेरी बाजारासकट देशभरच्या सराफ पेठांत भट्ट्या लावल्या. आता कराडजवळच्या टेंभूतून उपसलेलं कृष्णेचं पाणी आटपाडीकडे आलंय, माळावर डाळिंबाच्या बागा दिसतात. पाणी असतं तर परळ कुणी भरलं असतं, हा प्रश्न गाडीत विजापूरपर्यंत पुरला.

म्हणून म्हणतो, अशा गावांत बघायला अर्धा तास पुरतो, ऐकायला रात्र लागते. दहा मिनिटांच्या चहाच्या हॉल्टमध्ये ते जमत नाही.

आता कामाच्या टिप्स. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा, त्यानंतर ऊन भाजून काढतं. मार्गशीर्ष सुरू होतो त्या दिवशी सिद्धनाथाचा रथ निघतो. गर्दी आवडत असेल तरच तेव्हा जा, आणि खोलीची सोय आधी करा. जेवायला लवकर जा, पेठ लवकर मिटते. खिशात थोडी रोकड ठेवा. बादलीभर पाण्यात आंघोळ करायची प्रॅक्टिस घरीच करून घ्या. आणि खानावळीत शेजारी कुणी साठी ओलांडलेलं बसलं असेल, तर इअरफोन काढा आणि विचारा, ‘काका, मुंबईत कुठे होतात?’ होते का, असं विचारायची गरज नाही. या भागात घरटी कुणीतरी होतंच.

आणि हो, उत्तरात तुमच्या ऑफिसचा पत्ता निघाला तर मोबाइल नंबर देऊन या. लॉटरी कधीतरी लागेलच, तेव्हा अकरावा मजला दाखवायला लिफ्टपाशी आपलं कुणीतरी उभं असायला हवं.