बंदर लागते, पाय लागत नाही

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

रायगड जिल्हा म्हटला की लोकांना अलिबागचा किनारा आणि मुरुडचा जंजिरा आठवतो. आमचे कर्जत आणि खालापूर हे तालुके मात्र डोंगराच्या कुशीतले. येथे उल्हास आणि पाताळगंगा वाहतात. समुद्र पाहायचा तर एस.टी. किंवा लोकल धरावी लागते. मग जहाजावरच्या माणसाला परक्या बंदरात संध्याकाळी दोन तास उतरता यावे की नाही, या विषयावर इकडच्या मुलीने का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. उत्तर साधे आहे. पूर्वी श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या बाजूची माणसे बोटीवर जात. आता आमच्याकडची मुलेही जाऊ लागली आहेत. रिसॉर्ट आणि फार्महाउसवर ती टेबल मांडायला, चादरी बदलायला शिकतात, मग हॉटेल मॅनेजमेंटचा एखादा कोर्स करतात आणि क्रूझवर, म्हणजे मौजेच्या प्रवासी जहाजावर, नोकरी धरतात.

माझा मावसभाऊ असाच गेला. नऊ महिन्यांच्या करारात त्याच्या जहाजाने विसांहून अधिक बंदरे घेतली. परत आल्यावर आजीने कौतुकाने विचारले, "काय काय बघितलंस रे?" तो म्हणाला, "आजी, बंदरं पुष्कळ लागली. पाय चार ठिकाणी लागला." बाकी ठिकाणी कुठे कामाची पाळी होती, कुठे व्हिसा नव्हता, कुठे जहाज सहा तासांत सुटणार होते. "आमच्यासाठी बंदर म्हणजे मोबाईलला रेंज मिळायची जागा," असे सांगून तो हसला. आम्हीही हसलो, पण त्या हसण्यामागचा प्रश्न मला गंभीर वाटतो.

आपल्या कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्या घाट चढण्यापूर्वी थांबतात. मागे इंजिने जोडली जातात, तेवढ्यात उतारू फलाटावर उतरतात, वडा खातात, चार पावले चालतात. याला आपण 'पाय मोकळे करणे' म्हणतो. किती नेमका शब्द आहे हा! बसून राहिलेले पाय नुसते दुखत नाहीत, ते बांधले गेलेले असतात. काही तासांच्या गाडीत माणसाला हे वाटते, तर नऊ महिने लोखंडाच्या भिंतींत राबणाऱ्याला काय वाटत असेल?

प्रवाशांच्या बाबतीत देशांनी याचा विचार केलेला दिसतो. रशियाचे उदाहरण घ्या. २००९ पासून तेथे नियम असा होता की, क्रूझने आलेल्या परदेशी पाहुण्याने परवानाधारक संस्थेची सहल घेतली असेल, तर त्याला ७२ तासांपर्यंत व्हिसाशिवाय उतरता येई. सेंट पीटर्सबर्गला उतरून, दिवसा राजवाडे आणि संध्याकाळी बॅले पाहून पाहुणे रात्री आपल्या केबिनमध्ये झोपायला येत. २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी ते बंदर सोडले, ही गोष्ट निराळी. मुद्दा असा की, कोणीतरी जबाबदारी घेतली तर परक्या माणसाला एका संध्याकाळपुरते आत घेता येते, हे देशांना चांगले ठाऊक आहे.

खलाशाच्या बाबतीतही कायदा मुका नाही. सागरी वाहतूक सुलभ करण्यासाठी १९६५ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातच, जहाज बंदरात असेपर्यंत खलाशांना किनाऱ्यावर जाऊ द्यावे हे तत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम कराराने तर प्रकृती आणि स्वास्थ्य यांसाठी किनाऱ्यावरची रजा द्यावी असे स्पष्ट म्हटले आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. या कराराच्या दृष्टीने खलाशी म्हणजे केवळ इंजिनाजवळ उभा असणारा नव्हे. जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणारा प्रत्येक जण खलाशीच. म्हणजे ताटे उचलणारा माझा मावसभाऊसुद्धा! युरोपातील शेंगेन देशांच्या नियमांतही मान्य ओळखपत्र असलेल्या खलाशाला बंदराच्या गावात आणि लगतच्या गावांत व्हिसाशिवाय फिरण्याची मुभा आहे.

कोणी म्हणेल, उतरलेला खलाशी परत आलाच नाही तर? देशाने आपले दार सांभाळू नये काय? आक्षेप खोटा नाही. २००१ च्या अमेरिकेवरील हल्ल्यानंतर जगभरची बंदरे कडक झाली. जुलै २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेची नवी नियमावली अमलात आली. पण याच भीतीतून २००३ साली श्रम संघटनेचा एक करार जन्मला. त्याचा व्यवहार सरळ होता: खलाशाच्या देशाने त्याला पक्के, फसवता न येणारे ओळखपत्र द्यावे आणि बंदराच्या देशाने त्याला व्हिसा न मागता किनाऱ्यावर सोडावे. भारताने हा करारही २०१५ मध्ये स्वीकारला आणि २०२० मध्ये चेहऱ्याच्या नोंदीवर आधारलेले नवे ओळखपत्र देण्यास प्रारंभ केला. आपण आपला शब्द पाळला. अमेरिकेने मात्र हा करार स्वीकारलेला नाही. तेथे खलाशाला वेगळा व्हिसा लागतो, आणि तो असूनही उतरू द्यायचे की नाही हे बंदरातला अधिकारी ठरवतो. ऑस्ट्रेलियातही खलाशांसाठी स्वतंत्र व्हिसा आहे. तपासणीला माझा विरोध नाही. पण सहलीच्या पावतीवर जो विश्वास टाकता येतो, तो ओळखपत्रावर आणि कंपनीच्या हमीवर का टाकता येऊ नये?

आणि दोष नेहमी परक्यांचाच असतो असेही नाही. एप्रिल २०२० मध्ये 'मरेला डिस्कव्हरी' या क्रूझवरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईसमोर समुद्रात अडकून पडले होते. समोर स्वतःचा देश, हातात स्वतःच्या देशाचा पासपोर्ट. तरी केंद्र सरकारची नियमावली निघेपर्यंत त्यांना उतरता येईना. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले असल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. साथीचे भय खरे होते. पण जहाजावरचा माणूस सर्वांत शेवटी आठवतो, हेही तेव्हा दिसले.

हा प्रश्न आता आमच्या उंबऱ्याशी आला आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी 'क्रूझ भारत मिशन' सुरू झाले. २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करण्याचा संकल्प आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. प्रवासी वाढले की चादरी बदलणारे हातही वाढणार, आणि त्यांतले काही आमच्या गावांतून जाणार. माझा धाकटा भाऊ बारावी होऊन बसला आहे. एका एजंटाने त्याच्याकडे नोकरीची फी आणि वर व्हिसाचे पैसे मागितले. वडील माळीकाम करतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून तो इंग्रजी कागद माझ्यापुढे आला. पगार, गणवेश, दंड, सर्व त्यात होते. किनाऱ्यावरच्या रजेबद्दल एक ओळ नव्हती. वस्तुतः २००६ च्या करारानुसार नोकरी मिळवून देण्याची फी खलाशाकडून घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, खलाशाचे पुस्तक आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. आम्ही पैसे दिले नाहीत. भावाला जायचे आहे आणि त्याने जावे असेच मलाही वाटते. पण डोळे उघडे ठेवून.

म्हणून माझ्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, सही करण्यापूर्वी मुलांनी विचारावे: जहाज कोणकोणत्या बंदरांना लागणार, त्यांपैकी कोठे व्हिसा लागतो, आणि तो कंपनी काढून देणार की नाही? दुसरी, जहाजावर किनाऱ्याच्या रजेची पाळी फळ्यावर लिहिली जावी. सुरक्षेसाठी काही माणसे बंदरातही जहाजावर राहावी लागतात, हे मान्य. पण दर वेळी तीच माणसे का राहावीत? तिसरी, आपल्याच जिल्ह्यातल्या न्हावा-शेवा बंदरात उतरण्याचा परवाना मिळालेल्या परदेशी खलाशाला गेटापासून गावापर्यंत बस मिळावी. बाहेर जी माणुसकी आपल्या मुलांसाठी मागायची, ती आधी आपल्या दारात दिसली पाहिजे.

यात आपल्या महाविद्यालयाला करण्यासारखेही काही आहे. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीला केंद्राच्या नौवहन खात्याचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक दिवस ग्रंथालयात बसून गावातल्या मुलांचे करार वाचून द्यावेत, त्या यादीत कंपनीचे नाव शोधून द्यावे. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी थोडी मदत केली तर हे काम मुळीच कठीण नाही. पदवी घेऊन आम्ही काय करणार, असे घरोघरी विचारले जाते. दुसऱ्याचा कागद वाचून देता येणे, हे त्याचे एक चांगले उत्तर आहे. पुढच्या सत्रात हा उपक्रम सुरू झाला, तर पहिल्या दिवशी टेबलापाशी बसायला मी तयार आहे.