ईदीतले ट्युलिप

कनेरगाव नाक्यावरच्या आमच्या अंगणात मोगरा, लिंबू, कोरफड आणि पुदिना एवढीच मंडळी. दोन वर्षांपूर्वी धाकट्या लेकीने श्रीनगरच्या ट्युलिप बागेचा व्हिडिओ पाहिला आणि साठवलेल्या ईदीतून पाच कंद मागवले. आम्ही मोठ्यांनी काही न विचारता ते दिवाळीत सरळ काळ्या मातीत लावून दिले. हिरवी टोके वर आली, फूल मात्र आले नाही. उकरून पाहिले तर कंद सडलेले. पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. चूक तिची नव्हती, आमची होती.

हे फूल आपल्याला परके नाही. उर्दूत ते लाला, तुर्कीत लाले. अरबी लिपीत ‘लाला’ आणि ‘अल्लाह’ यांची अक्षरे तीच, म्हणून उस्मानी कारागिरांनी ते मशिदींच्या फरशांवर आवडीने रंगवले. इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीत ते आजही दिसते. पण त्याचे मूळ घर इराण आणि मध्य आशियाचे डोंगर. तिथे हिवाळा कडक आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे नेमके उलटे: हिवाळा कोमट, आणि कंद झोपलेला असतो तेव्हा धो धो पाऊस. थंडी मिळाल्याशिवाय कळी वर येत नाही आणि ओलीत कंद कुजतो.

पुढच्या वर्षी आम्ही रानटी जातीचा, लेडी ट्युलिपचा कंद निवडला. मोठ्या संकरित ट्युलिपपेक्षा याला थंडी कमी लागते. सप्टेंबरमध्ये कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले, चांगले बारा-तेरा आठवडे. त्या कप्प्यात सफरचंद, केळी ठेवायची नाहीत; पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. घरात ही शिस्त पाळणे सर्वांत अवघड गेले!

डिसेंबरच्या मध्यावर मातीच्या कुंडीत लावले. निम्मी जाड वाळू, बाकी माती आणि थोडे शेणखत. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर. सकाळचे ऊन, दुपारी सावली. माती वरून सुकली की मगच पाणी.

फेब्रुवारीत पाचांपैकी तीन फुलले. बाहेरून गुलाबी पट्टे, आतून पांढरे. उन्हात उघडायचे, मगरिबच्या सुमारास मिटायचे. दादी खाट ओढून कुंडीशेजारीच बसल्या.

पण खरे सांगायला हवे. मार्चच्या उन्हात पाने लवकर वाळतात, कंद भरत नाही आणि पुढच्या वर्षी फूल देत नाही. आपल्याकडे ट्युलिप एका मोसमाचा पाहुणा. हौस म्हणून दोन-चार कंद आणा, त्याहून जास्त पैसे घालू नका.

कायमचे फूल हवे असेल तर सियाम ट्युलिप लावा. नावाला ट्युलिप, नात्याने हळदीची बहीण. आपला जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिला आपली उष्णता आणि पाऊस दोन्ही मानवतात. मे-जूनमध्ये गड्डा लावायचा, खालची फुगीर मुळे तोडायची नाहीत, पाणी साचू द्यायचे नाही. पावसाळ्यात गुलाबी तुरे येतात, हिवाळ्यात झाड झोपते. तेव्हा पाणी बंद.

यंदाच्या ईदीचा हिशोब लेकीने स्वतःच केला आहे: दोन कंद लालाचे, बाकी सगळे हळदीच्या बहिणीचे.